स्वगत कोणी ऐकावे? : अभिजात नाटकांची चित्रपटीय माध्यमांतरे आणि श्राव्यतेचा प्रश्न

अभिजात नाटकावरून चित्रपट निघाला की त्याची चर्चा बहुधा कथानकाच्या हिशेबापासून सुरू होते. कोणते पात्र गाळले, कोणते नव्याने आणले, शेवट बदलला की तसाच ठेवला, मूळ नाटककाराशी दिग्दर्शक कितपत प्रामाणिक राहिला, असे हे प्रश्न असतात. ते अगदीच निरर्थक नाहीत. परंतु कथानक ही नाटकातील सर्वांत सहज प्रवास करणारी वस्तू आहे, याचा त्यांत विसर पडतो. शेक्सपिअरनेही आपली बहुतेक कथानके इतरांकडून घेतली होती आणि त्यासाठी त्याला कोणी अप्रामाणिक ठरविलेले नाही. एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना खरोखर अडून बसते ते रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामधील संकेतांचे जाळे. या संकेतांपैकी स्वगत हा संकेत सर्वांत जुना आणि सर्वांत अवघड आहे. चित्रपटकार स्वगताचे काय करतो, यावरून त्याने नाटक कसे वाचले आहे हे जितके कळते, तितके पात्रांच्या आणि प्रसंगांच्या याद्या ताडून पाहिल्याने कळत नाही.

स्वगत म्हणजे पात्राच्या मनातील विचार, अशी व्याख्या आज रूढ आहे. ती मानसशास्त्राच्या प्रभावाखालील आहे. संस्कृत नाट्यविचाराने हा प्रश्न वेगळ्या टोकाने हाताळला होता. धनंजयाच्या ‘दशरूपका’त नाट्यातील भाषणाची विभागणी केली आहे ती आशयावरून नव्हे, तर ते कोणी ऐकावे यावरून. सर्वांनी ऐकावयाचे ते प्रकाश, म्हणजेच सर्वश्राव्य. मंचावरील इतर कोणीही ऐकावयाचे नाही ते स्वगत, म्हणजेच अश्राव्य. आणि काहींनी ऐकावयाचे, काहींनी नाही, ते नियतश्राव्य. या तिसऱ्याचे पुन्हा दोन प्रकार: हाताचा त्रिपताक धरून इतरांना वगळून केलेले जनान्तिक आणि तोंड फिरवून सांगितलेले अपवारित. याशिवाय मंचावर नसलेल्या व्यक्तीचे बोलणे जणू ऐकू आले असे दाखवून तिच्याशी बोलणे, म्हणजे आकाशभाषित, आहेच. (चित्रपटातील दूरध्वनीची दृश्ये ही आकाशभाषिताचीच आधुनिक आवृत्ती होय, हे जाता जाता नोंदविण्यास हरकत नाही.)

या विभागणीत एक गोष्ट अध्याहृत आहे. जे अश्राव्य म्हटले आहे ते प्रेक्षागृहातील शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. ज्यांना हस्तक्षेप करता आला असता त्यांना ते ऐकू येत नाही. ज्यांना ते ऐकू येते त्यांना हस्तक्षेप करण्याची मुभा नाही. स्वगताचे नाट्य या विषम वाटणीत आहे. मनाचा तळ दाखविणे हे त्याचे दुय्यम काम मानले पाहिजे.

मराठी रंगभूमीवर याचे सर्वांत निर्दय उदाहरण विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये सापडते. वास्तववादी नाटकाने स्वगताकडे संशयाने पाहावयास सुरुवात केल्यानंतर कित्येक वर्षांनी, एका बऱ्याच अंशी वास्तववादी रचनेच्या नाटकात, हा जुना संकेत अचानक परत येतो. लुटुपुटीच्या खटल्यात आरोपी ठरलेल्या बेणारेबाईंना बचावाच्या भाषणासाठी काशीकर दहा सेकंदांची मुदत देतात. मंचावरील इतर पात्रे जागच्या जागी गोठतात, बेणारे आपले सारे आयुष्य बोलून टाकते, आणि मुदत संपल्यावर कोर्टाच्या लेखी ती काहीच बोललेली नसते. अश्राव्यतेचा तांत्रिक संकेत येथे सामाजिक वस्तुस्थिती होऊन बसतो. सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये या नाटकावर चित्रपट केला. तथापि अशी जागा पडद्यावर नेताना जी अडचण येते ती कोणा एका दिग्दर्शकाची नाही. जिवंत नट निश्चल उभे राहतात तेव्हा त्यांचे श्रम, त्यांचे रोखलेले श्वास प्रेक्षकाला जाणवत राहतात. न ऐकणे ही तेथे एक कृती असते. चित्रपटात मात्र चौकट गोठविणे हे यंत्राचे काम आहे आणि त्यात कोणी काही नाकारीत नाही.

पाश्चात्त्य चित्रपटाने स्वगतावर प्रथम जो उपाय योजला तो पार्श्वस्वराचा. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४८ च्या ‘हॅम्लेट’मध्ये समुद्रावरील उंच बुरुजावर बसलेल्या राजपुत्राचे विख्यात स्वगत काही अंशी ओठांवर आणि काही अंशी केवळ ध्वनिपट्टीवर आहे. ओठ मिटलेले, चेहरा जवळून दिसणारा आणि आवाज आतून येणारा, अशी ही योजना आहे. ती देखणी आहे. पण तिने स्वगताला विचार करून टाकले. विचार कोणाला उद्देशून नसतो, म्हणून ऐकणाऱ्यावर त्याची जबाबदारीही येत नाही. त्याच दिग्दर्शकाने १९५५ च्या ‘रिचर्ड तिसरा’मध्ये कॅमेऱ्याकडे पाहून बोलण्याचा उलट मार्ग पत्करला, हे लक्षणीय आहे. नायक खलनायक असला की प्रेक्षकाला भागीदार करून घ्यावे लागते, हे नटाच्या अनुभवाने त्यांना कळले असावे.

ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह यांच्या १९६४ च्या रशियन ‘हॅम्लेट’ने पार्श्वस्वरच वापरला, परंतु त्याची जागा बदलली. पास्तरनाकच्या अनुवादावर आधारलेल्या या चित्रपटात पहिले स्वगत ऐकू येते तेव्हा हॅम्लेट एकटा नसून दरबाऱ्यांच्या गर्दीतून चाललेला असतो. आजूबाजूला हसरे चेहरे, नमस्कार, कुजबुज, आणि त्या सर्वांच्या मध्यातून जाणारा एक आवाज जो त्यांच्यापैकी कोणालाही ऐकू जाता कामा नये. सोव्हिएत प्रेक्षकाला याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नव्हती. अश्राव्यता येथे पुन्हा तिच्या मूळ अर्थाने, म्हणजे ऐकले जाण्याच्या धोक्याच्या संदर्भात, उभी राहते.

पुढील दोन उदाहरणांचा केवळ उल्लेख पुरे. रिचर्ड लाँक्रेन यांच्या ‘रिचर्ड तिसरा’मध्ये (१९९५) इयन मकेलन आरंभीचे स्वगत विजयोत्सवात ध्वनिक्षेपकासमोर जाहीर भाषण म्हणून सुरू करतात आणि उरलेले प्रसाधनगृहात, एकान्तात म्हणतात, तेथे आरशात त्यांना कॅमेरा दिसतो आणि तेव्हापासून प्रेक्षक पकडला जातो. मायकेल अल्मरेडा यांच्या न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या ‘हॅम्लेट’मध्ये (२०००) तोच राजपुत्र भाड्याने चित्रफिती देणाऱ्या दुकानाच्या मांडण्यांमधून फिरत आपली अकर्मण्यता घोळवितो. कल्पना चतुर आहे, पण चातुर्यापलीकडे ती फारशी जात नाही.

या पार्श्वभूमीवर विशाल भारद्वाज यांच्या शेक्सपिअर-त्रयीकडे वळले असता तिन्ही चित्रपटांत स्वगताची तीन निराळी उत्तरे दिसतात, आणि तिसरे उत्तर सर्वांत दूर जाते. ‘मकबूल’मध्ये (२००३) मॅकबेथची स्वगते जवळजवळ पूर्णपणे वगळली आहेत. इरफान खान यांचा मकबूल बोलत नाही; तो पाहतो. मॅकबेथ आपल्या कृत्याचे परिणाम आधीच जाणतो आणि ते आपल्याला सांगतो. मकबूलच्या बाबतीत त्या जाणिवेची वाटणी दोघांत झाली आहे. एक म्हणजे तब्बू यांची निम्मी. लेडी मॅकबेथ एकटी असताना जे आवाहन करते ते निम्मी मकबूलला प्रत्यक्ष ऐकविते. स्वगताचा संवाद होतो. दुसरे म्हणजे चेटकिणींच्या जागी आलेले पंडित आणि पुरोहित हे दोन पोलीस अधिकारी. ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह यांचे हे दोघे आपसांत जे बोलतात, कुंडल्या मांडतात, कोणाचे पारडे कधी जड होऊ द्यावयाचे याचे सूत्र सांगतात, ते शास्त्रशुद्ध जनान्तिक आहे. चेटकिणींना भविष्य ठाऊक असते. या दोघांना ते ठाऊक असतेच आणि घडवून आणण्याचे साधनही हाताशी असते. राजसत्तेच्या जागी टोळी आली म्हणून ‘मकबूल’ मुंबईचा होत नाही. कायद्याचे रक्षक कानगोष्टी करतात आणि प्रेक्षकाला त्या ऐकू येतात, म्हणून तो मुंबईचा होतो.

‘ओंकारा’मध्ये (२००६) प्रश्न अधिक बिकट होता. इयागोची स्वगते काढली तर ‘ऑथेल्लो’ची यंत्रणाच थांबते, कारण प्रेक्षक त्याच्या कटात सामील आहे ही या नाटकाची मूलभूत अट आहे. सैफ अली खान यांचा लंगडा त्यागी चित्रपटाच्या आरंभीच चेहऱ्याने पडदा व्यापून बोलू लागतो. त्याचा श्रोता रज्जू आहे, पण काही क्षण तरी तो आपल्याशीच बोलतो आहे असा भास होतो. हा भास पुढे मात्र टिकविलेला नाही. चित्रपट लंगड्याला श्रोते पुरवीत जातो आणि आपल्याला बाहेर उभे करतो. बाहुबलीपदाचा टिळा केसूला लागल्यानंतरची त्याची जळफळ शब्दांवाचून दाखविली आहे, आणि ती प्रभावी आहे. तरीही इयागो ज्या गोडव्याने प्रेक्षकाला फितवितो त्याची भरपाई यातून होत नाही. मेरठकडील बोलीचा कस, रुमालाच्या जागी आलेला कमरबंध, इंदूच्या हातून होणारा शेवट, या सर्वांची वाखाणणी झाली आहे आणि ती रास्त आहे. परंतु प्रेक्षकाची अपराधात भागी कमी झाली, हा तोटाही मोजला पाहिजे.

‘हैदर’ (२०१४) १९९५ च्या काश्मीरमध्ये घडतो. पटकथा भारद्वाज आणि काश्मिरी पत्रकार-लेखक बशारत पीर यांची आहे. येथे हॅम्लेटचे सर्वाधिक परिचित स्वगत एकाच ठिकाणी येत नाही, ते फुटते. त्याचा एक तुकडा खासगी आहे. तो प्रथमपुरुषी एकवचनात आहे आणि अर्शियाच्या उपस्थितीत उच्चारला जातो. म्हणजे तो स्वगत राहिलेलाच नाही. तो नियतश्राव्य झाला आहे. ज्या नियमाने तो एकीलाच ऐकू यावयाचा तो नियम टिकत नाही, कारण अर्शियाचे वडील पोलीस अधिकारी आहेत आणि हैदरजवळच्या पिस्तुलाची गोष्ट तिच्याकडून त्यांच्यापर्यंत पोहोचते. प्रेमातील विश्वासघात म्हणून याकडे पाहणे पुरेसे नाही. ज्या प्रदेशात घराघरांत कोणी ना कोणी कोणासाठी तरी ऐकत असतो, तेथे जनान्तिकाचा संकेतच कोसळतो. त्रिपताक धरावा कोणाकडे?

दुसरा तुकडा श्रीनगरच्या लाल चौकात येतो. डोके भादरलेला हैदर गळ्यात फास अडकवून, त्याचेच टोक ध्वनिक्षेपकासारखे तोंडाजवळ धरून जमावासमोर बोलतो. संयुक्त राष्ट्रांचे ठराव, सशस्त्र दलांच्या विशेषाधिकारांचा कायदा, आणि त्या कायद्याच्या इंग्रजी आद्याक्षरांशी नाद जुळणाऱ्या एका परकीय शब्दावरील कोटी, असे विदूषकी आणि भेसूर मिश्रण त्या भाषणात आहे. असण्या-नसण्याचा प्रश्न येथे ‘मी’चा राहत नाही, ‘आम्ही’चा होतो. मूळ स्वगतात व्याकरणदृष्ट्या कर्ताच नाही. क्रियापदाच्या निखळ भावरूपात तो प्रश्न उभा आहे, आणि म्हणूनच तो कोणाचाही होऊ शकला. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आगरकरांच्या ‘विकारविलसिता’पासून प्रत्येक भारतीय अनुवादकाला या कर्तृहीन वाक्याला कर्ता द्यावा की न द्यावा याचा निर्णय घ्यावा लागला आहे. ‘हैदर’ने तो अनेकवचनी दिला. अनुवादशास्त्राच्या दृष्टीने हा एक शब्दाचा फरक आहे. नाट्यशास्त्राच्या दृष्टीने अश्राव्याचे सर्वश्राव्यात केलेले रूपांतर आहे.

असे रूपांतर का करावे लागले, याचे उत्तर चित्रपटातील एका छोट्या प्रसंगात मिळते. एक माणूस स्वतःच्या घराच्या दारात उभा आहे आणि आत पाऊल टाकू शकत नाही. इरफान खान यांचा रूहदार त्याची झडती घेतो, ओळखपत्र विचारतो, आणि मगच तो मुकाट्याने आत जातो. तपासणीची सवय इतकी हाडीमाशी खिळली आहे की तिच्यावाचून स्वतःच्या उंबरठ्यावरही प्रवेश वैध वाटत नाही. या माणसाची भूमिका पीर यांनी स्वतः केली आहे. स्वगताला एकान्त लागतो, आणि एकान्ताला असे दार लागते की जे बाहेरून उघडले जाणार नाही. एल्सिनोरच्या राजवाड्यातही पडद्याआड हेर होते. तरी हॅम्लेटला आपण एकटे आहोत असे समजण्याची चैन परवडत होती. हैदरला ती परवडत नाही. म्हणून तो वेडाचे सोंग घेऊन चौकात येतो. जेथे लपून बोलणे सुरक्षित नाही तेथे सर्वांसमोर बोलणे हेच उरते, आणि वेडा समजला गेलेला माणूस सर्वांसमोर जे बोलतो ते पुन्हा, एका अर्थी, अश्राव्यच ठरते. जमाव हसतो, टाळ्या वाजवितो. बेणारेच्या दहा सेकंदांत कोणीही ऐकले नाही. लाल चौकात सगळ्यांनी ऐकले. दोन्ही ठिकाणी नोंद मात्र कोठेच झाली नाही.

‘हैदर’वर जो आक्षेप घेतला जातो, की त्याने हॅम्लेटचे तत्त्वचिंतन राजकारणाला जुंपले, त्याचा विचार या अंगाने व्हावयास हवा. ज्याला आपण तत्त्वचिंतन म्हणतो त्याच्याही काही भौतिक अटी असतात आणि त्या अटी नसतील तेथे तेच चिंतन घोषणेच्या रूपाने प्रकटते, असे हा चित्रपट दाखवितो. त्याचे दोष वेगळे आहेत. मार्तंडच्या सूर्यमंदिराच्या अवशेषांत चित्रित केलेले, नाटकातील नाटकाच्या जागी आलेले गीत दृश्यवैभवात इतके रमते की त्या नाटकाचा एकमेव हेतू, म्हणजे एका श्रोत्याच्या चेहऱ्यावर गुन्हा वाचणे, काही काळ बाजूला पडतो.

मराठीतील अलीकडच्या माध्यमांतरांना हीच मोजपट्टी लावली असता चित्र वेगळे दिसते. संगीत नाटकात पद हे बऱ्याच वेळा स्वगताचेच काम करते. पद सुरू झाले की मंचावरील काळ थांबतो आणि ‘वन्समोअर’ आल्यास दुसऱ्यांदा थांबतो. पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’त (१९६७) वसंतराव देशपांडे खाँसाहेब म्हणून गात तेव्हा मंचावरची मैफल आणि प्रेक्षागृहातील मैफल एकच होती. सुबोध भावे यांच्या २०१५ च्या चित्रपटात दरबार, त्यातील श्रोते, त्यांच्या माना डोलावणे, हे सर्व पडद्यावरच आहे. दाद देण्याचे काम चित्रपटाने आपल्याकडेच ठेवले. खाँसाहेबांच्या ओठांवर सचिन पिळगावकर आणि कंठात वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे, ही विभागणी ऐकताना जाणवतेच. पण ती पार्श्वगायनाची जुनी तडजोड आहे आणि तिच्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. खाडिलकरांच्या १९११ च्या ‘मानापमाना’वर २०२५ मध्ये आलेला चित्रपट याच वाटेने गेला.

वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’ची (१९७०) गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ‘किंग लिअर’शी असलेले त्याचे नाते सर्वश्रुत आहे. त्यातील एक उलटफेर मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. लिअरचे कथानक ज्याच्या वाट्याला आले त्या अप्पा बेलवलकरांच्या तोंडी असण्या-नसण्याचे चिंतन आहे ते हॅम्लेटचे. दुसऱ्याची स्वगते आयुष्यभर म्हणत आलेल्या माणसाला स्वतःचे स्वगत उरलेले नाही. राज्य गमावलेला लिअर सैनिक मागतो. निवृत्त झालेल्या अप्पांना प्रेक्षक हवा आहे. आणि रंगभूमीवर तो समोर असतो. डॉ. श्रीराम लागू काळोखाकडे पाहून बोलू लागत तेव्हा बेलवलकरांचा गेलेला प्रेक्षक आणि तिकीट काढून बसलेला प्रेक्षक हे एकच होते. तो जागेवरून उठून मदतीला जाऊ शकत नव्हता, कारण संकेत आड येत होता. पण संकेत आड येतो आहे याची टोचणी त्याला लागत होती. अश्राव्य कोणासाठी, हा प्रश्न शिरवाडकरांनी असा खुर्चीतल्या माणसाकडे वळविला.

महेश मांजरेकर यांच्या २०१६ च्या चित्रपटाने ही अडचण ओळखली होती, असे म्हणावयास जागा आहे. त्यांनी मूळ नाटकात नसलेले रामभाऊ हे पात्र निर्माण केले. विक्रम गोखले यांचा रामभाऊ हा गणपतरावांचा मित्र, प्रतिस्पर्धी आणि जाणता टीकाकार आहे. म्हणजेच तो पडद्यावर आणून बसविलेला प्रेक्षक आहे. रुग्णालयातील दृश्यात हे दोघे वृद्ध नट कर्ण आणि कृष्ण होऊन एकमेकांशी बोलतात, आणि नाना पाटेकर यांच्यासमोर तितक्याच ताकदीचा नट असल्याने ते दृश्य चित्रपटातील सर्वांत निर्विवाद यश ठरते. नाटकात ज्याला स्थान नव्हते तेच दृश्य माध्यमांतरात सर्वाधिक नाट्यपूर्ण ठरावे, यात विसंगती नाही. एकाचे बोलणे ऐकणारा दुसरा तेथे प्रत्यक्ष आहे. भाषण नियतश्राव्य झाले आहे आणि कॅमेरा दोघांच्या मध्ये, हातभर अंतरावर, ते चोरून ऐकतो.

परंतु रामभाऊंनी प्रेक्षकाचे काम पत्करल्यामुळे प्रेक्षागृहातील प्रेक्षक मोकळा झाला. याचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो सत्काराच्या प्रसंगात. नाटकाची सुरुवातच निवृत्त नटाच्या सत्काराने होते. समारंभाला जमलेला समाज म्हणजे त्या रात्रीचे प्रेक्षागृह, आणि बेलवलकर त्यालाच उद्देशून बोलतात. भाषण संपल्यावर टाळ्या पडत त्या खऱ्या असत आणि टाळ्या वाजविणारेच पुढे तासाभराने त्याच नटाला पदपथावर पाहत. चित्रपटात सभागृह भरलेले आहे, हार आहेत, टाळ्याही आहेत. त्या ध्वनिपट्टीवर आहेत, आणि चित्रपटगृह रिकामे असले तरी त्या तितक्याच जोराने वाजतात.